पहिली भाषा कोणती?

बालमित्रांनो, वार्षिक परीक्षा संपली, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. "या सुट्टीत काय शिकायचं?" पूर्वी पोहणं, चित्रकला, टायपिंग अशी नावं निघायची. आता त्यांत कोडिंगची भर पडली आहे. पण कोडिंग शिकायचं म्हणजे कोणती भाषा शिकायची? दादा म्हणतो, "सी शीक, तीच खरी." मावसभाऊ म्हणतो, "छे! पायथॉन." क्लासच्या पत्रकावर तर जावा, जावास्क्रिप्ट, सी प्लस प्लस अशी लांबलचक यादी असते. ती फी वाचून बाबा कपाळाला हात लावतात. आणि मराठी शाळेतली एखादी मुलगी हळूच विचारते, "माझं इंग्रजी कच्चं आहे. मला जमेल का?"

म्हणजे प्रश्न दोन झाले. कोणती भाषा? आणि मला जमेल का? चला, दोन्हींची उत्तरं शोधू या.

संगणकाला काय कळतं?

संगणकाला मराठी कळत नाही. पण इंग्रजीही कळत नाही बरं का! त्याच्या पोटात विजेचे अगदी बारीक असंख्य खटके असतात. खटका चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. एवढंच त्याला समजतं. शून्य आणि एक लिहून त्याच्याशी बोलायचं, तर आपली पुरेवाट होईल. म्हणून माणसांनी मधला मार्ग काढला. थोडे ठरावीक शब्द घ्यायचे, त्यांचे पक्के नियम करायचे आणि त्यांचं शून्य-एकात रूपांतर करायला एक दुभाषा नेमायचा. हा दुभाषाही एक प्रोग्रॅमच असतो. या शब्दांना आणि नियमांना मिळून म्हणतात प्रोग्रॅमिंगची भाषा.

अशा भाषा शेकडो आहेत. पण गंमत बघा, बहुतेक भाषांच्या मुळाशी त्याच चार गोष्टी आहेत. एकामागून एक सूचना देणं. तीच सूचना पुन्हा पुन्हा करायला लावणं. 'जर असं असेल तर हे कर, नाही तर ते कर' असं सांगणं. आणि लागणारी माहिती नाव देऊन जपून ठेवणं. स्वयंपाकघरात डब्यांवर 'साखर', 'रवा' अशा चिठ्ठ्या लावतात ना, अगदी तसंच. या चार गोष्टी एका भाषेत पक्क्या झाल्या, की दुसरी भाषा शिकायला फार वेळ लागत नाही.

पहाटे चार वाजता सुरू झालेली भाषा

१९६४ पर्यंत संगणक ही शास्त्रज्ञांचीच मिरासदारी होती. कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम तयार करायचा, तो द्यायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचं! अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातले गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ, यांना हे पटेना. इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्या मुलांनीही संगणक वापरावा, असं त्यांना वाटे. त्यांनी नवशिक्यांसाठी मुद्दाम एक सोपी भाषा रचली. तिचं नाव बेसिक. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता बेसिकचा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला.

ही बेसिक पुढे भारतातल्या शाळांतही आली. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा उपक्रम सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे छोटे संगणक दिले. तुमच्या घरातल्या कुणी त्या काळी शाळेत संगणक पाहिला असेल, तर विचारून बघा. बेसिकची आठवण निघेलच.

पण सगळ्यांनाच बेसिक आवडली नाही. नेदरलँड्सचे नामवंत शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये चक्क लिहिलं, की बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे! त्या वेळच्या बेसिकमध्ये 'अमुक ओळीवर उडी मार' ही सूचना फार वापरली जाई. उड्या मारून मारून प्रोग्रॅमचा पार गुंता व्हायचा. वाईट सवय लागते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

मग पहिली भाषा चुकली, की आयुष्यभराचं नुकसान होतं का? फिनलंडमधल्या एका मुलाचं उदाहरण घ्या. साधारण अकराव्या वर्षी तो आजोबांच्या छोट्या संगणकावर बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहायला लागला. त्याचं नाव लिनस टोरवाल्ड्स. १९९१ मध्ये त्यानेच लिनक्स तयार केलं, तेही सी या दुसऱ्या भाषेत. तुमच्या घरात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे! तेव्हा पहिली भाषा ही पहिली सायकल समजा. तोल सांभाळता आला, की दुसरी सायकल घ्यायला भीती कसली?

हुकमी कासव

मुलांसाठी बनवलेल्या भाषांत मानाचं पान लोगोला. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती अमेरिकेत तयार केली. लोगोमध्ये एक कासव असतं. 'पुढे १००' म्हटलं, की ते शंभर पावलं जातं आणि मागे रेघ उमटते. 'उजवीकडे ९०' म्हटलं, की काटकोनात वळतं. या दोन सूचना चार वेळा दिल्या, की चौरस तयार!

आता समभुज त्रिकोण काढा बरं! त्याचा कोन ६० अंशांचा असतो, म्हणून बहुतेक मुलं सांगतात, "उजवीकडे ६०." पण कासव भलतीकडेच निघतं. असं का? कारण ६० हा त्रिकोणाच्या आतला कोन आहे. कासव मात्र सरळ चाललेल्या रेषेपासून वळतं. त्याला १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश वळावं लागतं. ६० अंशांनीच सहा वेळा वळवलंत, तर सुरेख षटकोन होतो!

यासाठी संगणक हवाच असं नाही. शाळेच्या मैदानावर एकाने कासव व्हावं, हातात फक्कीचा डबा घ्यावा. दुसऱ्याने सूचना द्याव्यात. कासवाने स्वतःचं डोकं मुळीच चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. सूचना देणाऱ्याची कशी भंबेरी उडते पाहा! आपण किती अर्धवट बोलतो, ते तेव्हा कळतं.

ठोकळ्यांची आणि विनोदी नावाची भाषा

लोगोच्याच वाटेवरची पुढची भाषा म्हणजे स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली. २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. यात शब्द टाइप करावे लागत नाहीत. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. न जुळणारा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे स्पेलिंग चुकण्याची भीती नाही. गोष्ट, गाणं, खेळ, काय हवं ते बनवा. ती फुकट आहे. एकदा उतरवून घेतली, की इंटरनेटशिवायही चालते.

आणि पायथॉन? नेदरलँड्सच्या गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत तिची सुरुवात केली, १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. नाव अजगराचं असलं, तरी ते आलं 'माँटी पायथॉन' या विनोदी कार्यक्रमावरून! तीही फुकट आहे. सी भाषेत पडद्यावर 'नमस्कार' उमटवायला चार-पाच ओळी लिहाव्या लागतात. पायथॉनमध्ये एक ओळ पुरते. शिवाय लोगोचं कासव पायथॉनच्या आतही बसलेलं आहे.

इंग्रजीचं काय?

पायथॉनचे स्वतःचे राखीव शब्द आहेत फक्त ३५, तेही बहुतेक छोटे छोटे. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल' असे. कवितेच्या पाठांतरापेक्षा हे काम सोपं! माहितीच्या डब्यांना मराठी नावं देता येतात. 'वय' किंवा 'गुण' असं देवनागरीत लिहिलेलं पायथॉनला चालतं. चूक झाली, की सूचना मात्र इंग्रजीत येते. त्यासाठी एक वही करा. आलेली सूचना आणि तिचा अर्थ लिहीत जा. बऱ्याचशा चुका फिरून फिरून त्याच असतात. महिन्याभरात वहीची गरज कमी होईल.

मग ठरवायचं कसं?

चौथी ते सहावीत असाल, तर स्क्रॅच घ्या. सातवीच्या पुढे असाल, तर सरळ पायथॉन. इंटरनेटवरची पानं हलती-बोलती करायची हौस असेल, तर जावास्क्रिप्ट. ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत उभी केली आणि आज ती प्रत्येक ब्राउझरला कळते. सी ही १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बनवलेली भाषा उत्तमच आहे, पण संगणकाच्या आत डोकावायची ओढ लागली, की मग ती शिका.

मात्र एक पथ्य पाळा. घेतलेली भाषा निदान सहा महिने सोडू नका. 'तीन महिन्यांत पाच भाषा' अशी जाहिरात दिसली, तर आईबाबांना सांगा, की एका भाषेत स्वतः केलेला एक छोटा खेळ त्यापेक्षा मोलाचा आहे.

काही जण म्हणतील, "आता तर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं, मग शिकायचं कशाला?" गणकयंत्र आलं, म्हणून आपण पाढे सोडले का? यंत्राने दिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे ओळखायला आपल्याला ते कळावं लागतं. त्रिकोणाला ६० सांगणाऱ्याला 'अरे, १२०!' असं म्हणणारं कुणीतरी हवंच ना?

तर मित्रांनो, आता या आठवड्याचं कोडं. कासवाला एकसारखी पाच पावलं पुढे चालवून आणि एकसारखं वळवून, अशा पाच खेपांत पाच टोकांची चांदणी काढायची आहे. दर वेळी किती अंश वळवाल? एक खूण सांगून ठेवते. चौरस काढताना कासव स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारतं, चांदणी काढताना दोन. घ्या फक्की आणि पळा मैदानावर!