जुन्या कॅसेटमधील आवाज जपताना

अनेक व्यापारी घरांच्या माळ्यावर, जुन्या वह्यांच्या शेजारी, कॅसेटचा एखादा डबा जपून ठेवलेला असतो. त्यात चातुर्मासातील प्रवचने असतात, आजीने म्हटलेली स्तवने असतात, लग्नघरातील गलबला असतो. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही कॅसेट जगापुढे आणली आणि सर्वसामान्य कुटुंबालाही आपल्या माणसांचा आवाज टिपून ठेवता येऊ लागला. बाजारातील गाण्यांची कॅसेट हरवली तर दुसरी मिळू शकते. घरच्या माणसाच्या आवाजाची प्रत मात्र बहुधा एकच असते. पावसाळ्यातील दमटपणाने फितीवर बुरशी धरते, फीत वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. म्हणून हा ठेवा संगणकावर उतरवण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

प्रथम कॅसेट नीट पाहावी. मागच्या कडेवरील दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे ध्वनिमुद्रण होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये. ती जाणकाराकडे द्यावी. फितीला हेडवर दाबून धरणारा लहानसा लोकरी तुकडा गळून पडला असेल, तर फीत दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कवचात बसवता येते. बरीच वर्षे पडून राहिलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी. त्यामुळे एकमेकांना चिकटू पाहणारे वेढे मोकळे होतात.

उत्तम आवाजाचे खरे मूळ संगणकात नसून कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात आहे. यंत्राचा वेग डळमळीत असेल, तर सूरही डळमळतो. म्हणून स्वस्त परिवर्तकापेक्षा सुस्थितीतील जुना डेक बरा. त्याचे हेड आणि रबरी चाक स्वच्छ असावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. आवाज दबलेला, ‘स’ आणि ‘श’ अस्पष्ट वाटत असतील, तर हेडचा कोन मूळ मुद्रणाशी जुळत नसण्याची शक्यता असते. हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवून तो जुळवता येतो. मात्र हे काम माहीतगारानेच करावे. कॅसेट डॉल्बी पद्धतीने मुद्रित असेल, तरच डेकवरील ते बटण सुरू ठेवावे.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून निघालेली तार संगणकाच्या ‘लाइन इन’मध्येच जावी. माइकची जागा अत्यंत क्षीण संकेतासाठी असते. तेथे डेक जोडल्यास आवाज फाटतो. बहुतेक लॅपटॉपना ‘लाइन इन’ नसते. त्यांच्यासाठी ती सोय असलेले छोटे यूएसबी यंत्र घ्यावे. सतत घुमणारा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घुमणे थांबले, तर दोष विजेच्या जोडणीत आहे असे समजावे. संगणकातील आवाज ‘सुधारणाऱ्या’ सर्व सोयी बंद ठेवाव्यात.

ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली या कामास पुरेशी आहे. आधी कॅसेटमधील सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग वाजवून पाहावा आणि मापकाची उडी उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही अशी पातळी ठरवावी. शून्याला भिडून कापला गेलेला आवाज पुढे पूर्ववत होत नाही. थोडा हळू मुद्रित झालेला आवाज नंतर वाढवता येतो. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापाने, वेव्ह स्वरूपात करावे. ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे दीड जीबी जागा लागते. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ मुद्रणास लागतो. येथे घाई चालत नाही.

रोजमेळात लिहिलेली नोंद खोडायची नसते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तोच नियम येथेही पाळावा. मूळ मुद्रणाची फाइल जशीच्या तशी ठेवावी. खरखर कमी करणे, अनावश्यक भाग कापणे हे सारे तिच्या प्रतीवर करावे. खरखर फार काढली, तर बोलणाऱ्याचा श्वास आणि आवाजाची ऊबही तिच्यासोबत जाते. थोडी खरखर राहिली तरी बिघडत नाही. नातेवाइकांना पाठवण्यासाठी एमपी३ ही लहान प्रत वेगळी करावी.

प्रत्येक फाइलच्या नावात बोलणाऱ्याचे नाव, प्रसंग, गाव आणि साल लिहावे. आवाज ओळखणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवरच हे विचारून घ्यावे. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावातील नातलगाकडे असावी. मूळ कॅसेटही टाकू नये. कोरड्या, थंड जागी, लोहचुंबक व स्पीकरपासून दूर, उभी ठेवावी. पणजीला न पाहिलेल्या नातवंडालाही मग तिचे शब्द तिच्याच सुरात ऐकता येतील.