शत्रुपक्षातला वस्ताद

जपानचे नाव निघाले की आपल्याला सुमो आठवतो, ज्यूदो-कराटे आठवतात. मुष्टियुद्ध हा खेळ मात्र आपण अमेरिकेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. जो लुई, महंमद अली, टायसन ही नावे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण हलक्या वजनाच्या गटांमध्ये जपानने गेली सत्तर वर्षे जगाला एकामागून एक विजेते दिले आहेत. टोकियोत 26 डिसेंबर 2023 रोजी नाओया इनोउए या जपानी मुष्टियोद्ध्याने मार्लन तापालेस या फिलिपिनो प्रतिस्पर्ध्याला हरवले आणि दुसऱ्या वजनगटातली चारही जागतिक अजिंक्यपदे आपल्याकडे गोळा केली. त्या बातमीने मला आठवण झाली ती योशिओ शिराईची. बरोबर वीस वर्षांपूर्वी, 26 डिसेंबर 2003 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी शिराईचे निधन झाले होते. या साऱ्या परंपरेचा तो मूळपुरुष. जपानचा पहिला जागतिक मुष्टियुद्धविजेता.

शिराई पहिला होता एवढ्यासाठीच मी त्याच्याविषयी लिहीत नाही. त्याला घडवले कोणी आणि ते ऋण त्याने कसे फेडले, ही हकीकत मला त्याच्या अजिंक्यपदाहूनही मोलाची वाटते.

शिराई जन्मला टोकियोत, 23 नोव्हेंबर 1923 रोजी. लहानपणी एका खेळवाल्याच्या तंबूत तो कांगारूशी मुष्टियुद्ध खेळला आणि तेव्हापासून हा नाद लागला, असे सांगतात. 1943 मध्ये तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. पहिले सामने त्याने जिंकलेही. पण ते महायुद्धाचे दिवस होते. लवकरच त्याला नौदलात जावे लागले आणि विमानांच्या देखभालीच्या कामाला जुंपण्यात आले. 1945 मध्ये युद्ध संपले तेव्हा टोकियो जळून गेलेले, पोटभर अन्न मिळण्याची भ्रांत, आणि शिराईची कंबर दुखण्याने धरलेली. तो पुन्हा रिंगणात उतरला खरा, पण त्याच्याकडून फारशी आशा कोणी धरत नव्हते. पंचविशीला आलेला, पाठीने अधू झालेला आणि अर्धपोटी असा मुष्टियोद्धा किती दिवस टिकणार?

1948 मध्ये टोकियोच्या गिन्झा भागातल्या एका व्यायामशाळेत एक अमेरिकन गृहस्थ आले. त्यांचे नाव डॉ. आल्विन काहन. वय पन्नाशीच्या पुढे, पेशाने प्राणिशास्त्रज्ञ. अमेरिकेत प्राध्यापकी केलेली आणि इलिनॉय राज्यातल्या कासवांवर ग्रंथ लिहिलेला. पराभूत जपानवर तेव्हा जनरल मॅकआर्थरच्या अमलाखाली दोस्त राष्ट्रांचे लष्करी प्रशासन होते. त्या प्रशासनाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागात काहन काम करीत. जपानी समुद्रातले मासे, कालवे, मोत्यांची शेती यांची पाहणी करून अहवाल लिहायचे, हे त्यांचे काम. ते स्वतः कधी व्यावसायिक मुष्टियोद्धा नव्हते. पण माणसाचे शरीर कसे चालते याचा त्यांचा अभ्यास होता आणि नजर शास्त्रज्ञाची होती. सराव करणाऱ्या इतर तरुणांना सोडून त्यांची नजर खिळली ती या पडेल शिराईवर. ठोसा नेमका कोणत्या क्षणी सोडायचा याची उपजत जाण त्यांना या पोरात दिसली.

मग या विद्वान गृहस्थाने शिराईचे सगळेच आपल्या अंगावर घेतले. त्याच्या चरितार्थाची सोय केली. त्याला आपल्या घरी जेवू घातले. देश रेशनवर दिवस काढत असताना मांस, दूध, अंडी त्याच्या पोटात जाऊ लागली. दुखऱ्या कमरेवर उपचार झाले. आपल्याकडे तालमीतल्या पठ्ठ्याच्या खुराकाची काळजी वस्ताद वाहतो, थेट तसेच हे होते. फरक एवढाच, की इथे वस्ताद शत्रुपक्षातला होता. ज्यांच्या बॉम्बांनी शिराईचे शहर बेचिराख केले, त्यांच्यापैकीच एकाच्या हातचे त्याने खायचे आणि त्याच्याच सांगण्यावरून रोज पहाटे धावायचे. या दोघांकडे पाहून भुवया उंचावणारे दोन्ही बाजूंना असणारच.

काहन यांनी शिकवले काय, हेही पाहण्यासारखे आहे. त्या काळच्या जपानी मुष्टियुद्धावर ‘पिस्टन’ होरिगुची या लोकप्रिय वीराची छाप होती. यंत्राच्या दट्ट्यासारखे ठोसे मारत पुढे घुसायचे आणि समोरून येणारे ठोसे छातीवर झेलायचे, ही त्याची रीत. आपले मांस तुटू द्यावे पण शत्रूचे हाड मोडावे, अशा अर्थाची एक म्हणच जपानीत आहे. काहन यांनी ही म्हण उलटी केली. त्यांच्या मते मार खाण्यात कसलेच शौर्य नव्हते. आधी अंग राखायचे, पायांवर हलके राहायचे, अंतर ओळखायचे, डाव्या हाताच्या सरळ ठोशाने समोरच्याला दूर ठेवायचे आणि संधी मिळताच उजवा हात सोडायचा. सडपातळ आणि लांब हातांच्या शिराईला ही विद्या मानवली. 1949 च्या जानेवारीत तो जपानचा फ्लायवेट विजेता झाला आणि त्याच वर्षअखेर त्याने ‘पिस्टन’चा धाकटा भाऊ हिरोशी होरिगुची याच्याकडून बँटमवेटचे राष्ट्रीय पदही घेतले.

फ्लायवेट म्हणजे 112 पौंड, सुमारे 51 किलो, वजनापर्यंतचा गट. त्याचे जागतिक अजिंक्यपद तेव्हा हवाईच्या दादो मारिनोकडे होते. मारिनो तिशीच्या उत्तरार्धातला, नातवंडे असलेला गडी होता. 1951 च्या मे महिन्यात टोकियोत त्याने शिराईला गुणांवर हरवले. डिसेंबरात होनोलुलूला जाऊन शिराईने त्याला सातव्या फेरीत गारद केले. पण या दोन्ही लढतींत अजिंक्यपद पणाला लागलेले नव्हते. खरी लढत पुढेच होती, आणि तिच्यासाठी जपानमध्ये अधिकृत नियामक मंडळ हवे होते. म्हणून 21 एप्रिल 1952 रोजी जपान बॉक्सिंग कमिशनची स्थापना झाली. त्यानंतर आठवड्याभरातच, 28 एप्रिलला, शांतता करार अमलात येऊन लष्करी अंमल संपला आणि जपान पुन्हा स्वतंत्र झाला. त्यालाही जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा 19 मे 1952 ला टोकियोच्या कोराकुएन स्टेडियमवर शिराई आणि मारिनो समोरासमोर आले.

सुमारे 40 हजार प्रेक्षक जमले होते. युद्धानंतर जपान्यांना मान वर करून मिरवावे असे फार थोडे घडले होते. 1949 मध्ये फुरुहाशी या जलतरणपटूने लॉस एंजेलिसला विश्वविक्रम केले, त्याच वर्षी हिदेकी युकावा यांना नोबेल मिळाले, आणि आता शिराई. स्वतःसाठी लढू नकोस, हार खाऊन खचलेल्या तुझ्या देशासाठी लढ, अशा अर्थाचे काहन यांनी त्याला बजावल्याचे सांगितले जाते. जेत्यांच्या बाजूच्या माणसाने जित राष्ट्राच्या मुलाला हे सांगावे, याहून वेगळी गुरुदीक्षा मला तरी माहीत नाही. सातव्या फेरीत मारिनोच्या डाव्या हाताच्या ठोशाने शिराई डळमळला. काहन यांनी कोपऱ्यात त्याला सावध केले. पंधरा फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि पंचांनी शिराईला विजयी घोषित केले.

1952 हे वर्ष आपल्याही ओळखीचे आहे. त्याच वर्षीच्या जुलैत हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या वाटेत जो मल्ल आडवा आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला, तो शोहाची इशी जपानचाच होता, आणि त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकुलते एक सुवर्ण. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, हे आपण ऐकत आलो आहोत. पदकावर नाव खेळाडूचे कोरले जाते, पण त्याच्या मागे असे कोणीतरी उभे असते.

शिराईने आपले पद चार वेळा राखले. मारिनो, टॅनी कँपो, ब्रिटनचा टेरी ॲलन आणि लिओ एस्पिनोसा या चौघांना त्याने परतवले. 26 नोव्हेंबर 1954 ला टोकियोतच अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेसने त्याला गुणांवर हरवले. पेरेस पाच फुटांहूनही ठेंगणा, पण 1948 च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. 30 मे 1955 च्या परतीच्या लढतीत पाचव्या फेरीतच शिराई कोसळला आणि त्याने हातमोजे खुंटीला टांगले. जपानला दुसरा जागतिक विजेता मिळायला 1962 साल उजाडले. त्याचे नाव फायटिंग हाराडा.

बहुतेक खेळाडूंच्या चरित्राचा शेवट इथे होतो. शिराईच्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. काहन मायदेशी परतले नाहीत. ज्याला त्यांनी कधी आपल्या घरी जेवू घातले, त्याच्याच घरचे ते झाले. म्हातारपणी त्यांना स्मृतिभ्रंश जडला. ज्याच्या नजरेने एक विजेता हेरला, त्यालाच पुढे माणसे ओळखू येईनात. असे म्हातारपण सांभाळणे पोटच्या मुलांनाही जड जाते, हे ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना मी सांगायला नको. योशिओ आणि त्याची पत्नी यांनी ते केले, एक-दोन महिने नव्हे तर 1971 मध्ये काहन यांनी डोळे मिटेपर्यंत. काहन यांनी आपले होते-नव्हते ते शिराईच्या नावे करून ठेवले होते.

नोकरी संपल्यावर काहन यांना अमेरिकेची वाट मोकळी होती, आणि विजेता झाल्यावर शिराईलाही परक्या वस्तादाशी संबंध तोडता आला असता. दोघांपैकी एकानेही तसे केले नाही. दोन राष्ट्रांमधल्या करारावर सह्या करायला मुत्सद्दी जमले होते, पण वैर खऱ्या अर्थाने मिटते ते अशा एखाद्या घरातल्या स्वयंपाकघरात आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी, असे मला वाटते.

1995 मध्ये शिराईच्या आणि योको गुशिकेनच्या नावाने टोकियोत एक व्यायामशाळा सुरू झाली. गुशिकेन हा ओकिनावाचा, तेरा वेळा जागतिक पद राखलेला विजेता. ही व्यायामशाळा 2020 पर्यंत चालली. शिराई तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. तिथे येणाऱ्या नव्या पोरांना पहिला धडा तोच मिळत असणार, जो एका प्राणिशास्त्रज्ञाने 1948 मध्ये त्याला दिला होता : मारण्याआधी स्वतःला राखायला शीक.