घडीच्या पंखांची विमानं

छंदाच्या पुरवणीसाठी प्लॅस्टिक मॉडेलवर लिहा, असा संपादकांचा निरोप आला. या छंदात स्पिटफायर, मिग, मिराज यांची चलती. मी मात्र अंबरनाथ गाठलं, कारण तिथले एक काका गॅनेट जोडतात असं कानावर आलं होतं. काकांची उमेदीची वर्षं नौदलाच्या विमानांची देखभाल करण्यात गेली. निवृत्तीनंतर ते एकाच जातीची विमानं जोडतात: विमानवाहू नौकेवरून उडून पाणबुड्या हुडकणारी, १९५०च्या दशकातली.

छंदाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीच्या 'पेंग्विन' मालिकेने झाली. एअरफिक्सचं पहिलं स्पिटफायर १९५३चं. सहा फुटी माणूस एक इंच उंच दिसावा हे १:७२ या प्रमाणाचं गणित. काकांच्या टेबलावरचं एअरफिक्सचं गॅनेट त्याहून मोठं, १:४८चं. पंख पसरले की साडेचौतीस सेंटिमीटर.

गॅनेट असं फुगीर पोटाचं, बेढब का, ते किट जोडताना कळतं. पाणबुडी शोधायला रडार हवं, मारायला बॉम्ब आणि टॉर्पेडो हवेत. अमेरिकेने त्यासाठी ग्रुमन गार्डियनच्या जोड्या उडवल्या. एकाने शोधायचं, दुसऱ्याने मारायचं. ब्रिटनच्या फेअरी कंपनीने दोन्ही कामं एकाच विमानात कोंबली. म्हणून हे पोट. १९ सप्टेंबर १९४९ रोजी गॅनेट पहिल्यांदा उडालं. १९ जून १९५० रोजी ते 'इलस्ट्रियस' नौकेवर उतरलं. टर्बोप्रॉप विमान नौकेवर उतरण्याची जगातली ती पहिली वेळ.

त्याच्या नाकात शेजारी-शेजारी दोन माम्बा इंजिनं असतात. दोघांचे पंखे एकाच आसावर, एकामागे एक, उलट दिशांनी फिरतात. तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालताना वैमानिक एक इंजिन बंद करून इंधन वाचवायचा. काकांनी दोन्ही पंख्यांची पाती माझ्या तळहातावर ठेवली आणि भिंगातून बघायला लावलं. पुढच्या पात्यांचा पीळ एका बाजूला, मागच्यांचा दुसऱ्या. अदलाबदल झाली तर सगळी मेहनत फुकट. म्हणून ते दोन्ही संच कधीच एका वेळी स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीवरून, कापत नाहीत. पुढचा पंखा पूर्ण झाला, बाजूला ठेवला, की मगच मागच्याला हात.

पण मला गुंतवून ठेवलं ते पंखाने. ब्रिटिश नौकांच्या हँगरची छतं बुटकी. पंख एकदाच वर मुडपला तर टोक छताला लागेल. म्हणून गॅनेटचा प्रत्येक पंख दोनदा मुडपतो: आतला भाग वर जातो, बाहेरचा तिथून खाली वळतो. साडेसोळा मीटरचं विमान सहा मीटरांत बसतं. मॉडेलमध्ये पंख उघडे ठेवले तर काम सोपं होतं. काका घडी घालतात. बिजागऱ्यांच्या फटीत दिसणाऱ्या नळ्या ते तांब्याच्या केसाएवढ्या बारीक तारेतून करतात. चिमट्यात तार, ओठ घट्ट मिटलेले, श्वास रोखलेला. घडी घातलेल्या पंखाचा कोन अर्धा अंश चुकला तरी दोन्ही बाजू विषम दिसतात, म्हणून गोंद सुकेपर्यंत पुठ्ठ्याचा कोनमापक टेकवून ठेवतात. इतकं करून जे तयार झालं, ते पाहताना त्या जुन्या आरेखकांबद्दल मनापासून आदर वाटला.

काकांना खरं जोडायचंय ते अलिझे. फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचं हे विमान ६ ऑक्टोबर १९५६ रोजी पहिल्यांदा उडालं. आपल्या नौदलाची 'कोब्रा' ही ३१० क्रमांकाची तुकडी मार्च १९६१मध्ये फ्रान्समध्येच उभी राहिली आणि अलिझे 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवर आलं. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात त्याने हल्ले चढवले. इकडे पश्चिमेला १० डिसेंबरला एक अलिझे पाडलं गेलं आणि आतले तिघेही गेले. ज्या विमानाचा आपल्याशी असा रक्ताचा संबंध, त्याचं चांगलं किट मिळवणं मात्र कर्मकठीण.

अलिझेचं किट काढलं ते फ्रान्समधल्या छोट्या कारखान्यांनी, थोड्याथोडक्या प्रतींत. स्वस्त साच्यांतून आलेले असे भाग एकमेकांत बसवायला खुंट्या नसतात. कडांना प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी झालर असते. आधी ती तासा, मग दोन्ही अर्ध्या भागांच्या कडा पॉलिशपेपरवर घासून सपाट करा, मग पुटी भरा आणि पुन्हा घासा. अलिझेची खरी ओळख म्हणजे पंखाखालचे दोन लांबट कोष. त्यांत मागे चाकं आणि पुढे पाणबुडीचा आवाज टिपणारे सोनोबॉय असत. हे कोष सरळ रेषेत बसवायला आधार म्हणून काहीच मिळत नाही. पोटाखाली उतरणारी रडारची घुमटी आत ठेवायची की बाहेर, हेही आधीच ठरवावं लागतं, कारण नंतर पोट उघडता येत नाही.

एवढं पार पडलं की डिकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांचा प्रश्न. भारतीय नौदलाची चक्रं, आकडे आणि अक्षरं बहुतेक वेळा स्वतःच छापून घ्यावी लागतात. त्यासाठी हवेत खरे फोटो, आणि ते आहेत निवृत्तांच्या घरच्या अल्बममध्ये, विटत चाललेल्या रंगांचे. विमान जमिनीवरच्या तळांवरून १९९१पर्यंत उडालं. ज्यांनी ते हाताळलं ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. खुद्द ती जुनी 'विक्रांत' २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतली. आता विसंबायचं कशावर, ही काकांची काळजी मला अगदी रास्त वाटते.

एक अलिझे गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. समुद्राचा खारा वारा आणि कोकणपट्टीचा पाऊस ते अंगावर घेतंय. तिथे गेलात तर सेल्फीबरोबर चाकांच्या खोबणीचे, बिजागऱ्यांचे आणि पोटाचे फोटोही घ्या. जिथे मनाई नसेल तिथे शेजारी फूटपट्टी धरा, म्हणजे मापं काढता येतील. आणि घरात कुणी त्या काळचे नौसैनिक असतील, तर त्यांचे अल्बम या दिवाळीपूर्वी स्कॅन करून घ्या.