झुकॉव्हला बोलवा!

मॉस्को वाचवलं, बर्लिन घेतलं, जर्मनांची शरणागती स्वीकारली. मार्शल गिऑर्गी झुकॉव्हच्या लढाया वाचकांना ठाऊक आहेत. मला मात्र या माणसाचं क्रेमलिनमधलं आयुष्य जास्त थरारक वाटतं. तिथे शत्रू आपल्याच टेबलाभोवती बसलेला असे. बैठकांची इतिवृत्तं, गुप्त पोलिसांचे अहवाल, सहकाऱ्यांच्या आठवणी हे सगळं १९९० च्या आसपास खुलं होत गेलं, तेव्हा कुठे पडदा सरकला.

२४ जून १९४५. लाल चौकातलं विजयसंचलन, पांढऱ्या घोड्यावर झुकॉव्ह. छायाचित्र जगभर गेलं. पण त्या घोड्यावर आधी स्वतः स्टालिन बसणार होता, असं स्टालिनच्या मुलाने झुकॉव्हला सांगितलं होतं. सरावात घोडा उधळला, साहेब खाली आले आणि काम झुकॉव्हकडे आलं. झुकॉव्हच्या आठवणींच्या नंतरच्या आवृत्तीत हा किस्सा आहे. काही अभ्यासक तो खरा मानत नाहीत. पुढचं मात्र खरं आहे: त्या दिवशी पाऊस इतका कोसळला की विमानांची सलामी रद्द झाली, घोडेस्वार झुकॉव्ह मात्र जराही डळमळला नाही. सर्वोच्च नेत्याच्या डोळ्यांदेखत इतकं देखणं दिसणं त्या राजवटीत महागात पडणारच होतं.

वर्षभरात ते पडलंच. जून १९४६ मध्ये वरिष्ठ लष्करी परिषद बोलावली गेली. हवाई दलाचा प्रमुख नोविकॉव्ह आधीच तुरुंगात होता. त्याच्याकडून वदवून घेतलेला जबाब परिषदेत वाचला गेला: झुकॉव्ह युद्धाचं सारं श्रेय स्वतःकडे घेतो, वगैरे. सगळ्यांच्या नजरा मार्शल कोनेव्हकडे वळल्या. बर्लिनवर आधी कोण पोचणार, या शर्यतीत स्टालिनने मुद्दाम याच दोघांना एकमेकांविरुद्ध पळवलं होतं. आता कोनेव्ह उट्टं काढणार, असंच कुणालाही वाटलं असतं. तो उठला आणि म्हणाला की, झुकॉव्हचा स्वभाव कठीण आहे, पण माणूस पक्षाशी प्रामाणिक आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोरची आघाडी फुटली होती, तेव्हा याच कोनेव्हची मान अडकली होती आणि त्याला आपला दुय्यम म्हणून मागून घेऊन झुकॉव्हनेच सोडवलं होतं. पाच वर्षांनी ते ऋण फिटलं. झुकॉव्हचा जीव वाचला, पण त्याची रवानगी ओडेसाला झाली.

जानेवारी १९४८ मध्ये गुप्त पोलिसांनी त्याच्या बंगल्याची झडती घेतली. जर्मनीतून आलेल्या वस्तूंची यादी थेट स्टालिनच्या टेबलावर गेली: हजारो मीटर कापड, तीनशेहून जास्त फर, गालिचे, चित्रं, शिकारीच्या बंदुका. घरात एकही सोव्हिएत पुस्तक नाही, अशी नोंदही अधिकाऱ्याने आवर्जून केली. झुकॉव्हवर माझं प्रेम आहे, तरी या यादीवर पांघरूण घालणार नाही. हरलेल्या देशातून हे सामान आणण्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण यादीतल्या फरपाशी मी दर वेळी थांबतो. कालुगा प्रांतातल्या एका गरीब घरातलं हे पोर लहानपणी मॉस्कोला मामाकडे उमेदवारी करायला गेलं होतं, आणि तो धंदा फर शिवण्याचाच होता.

ओडेसानंतर उरल. तिथून तो पुन्हा वर येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. मग मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि झुकॉव्हला मॉस्कोत परत बोलावलं गेलं.

२६ जून १९५३ चा दिवस तर नाटकात घातला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला पकडायचं होतं. पण पोलीस त्याचे, हेर त्याचे, क्रेमलिनचा पहाराही त्याचाच. मग पकडणार कोण? सैन्य. पण सैनिकी अधिकाऱ्यांना क्रेमलिनमध्ये हत्यारं न्यायला बंदी. तेव्हा संरक्षणमंत्री बुल्गानिनच्या मोटारीतून पिस्तुलं लपवून आत आली, कारण ती मोटार कुणी अडवत नसे. झुकॉव्ह, जनरल मोस्कालेन्को आणि बाकीचे अधिकारी शेजारच्या खोलीत बसून राहिले. आत बैठक चाललेली, बाहेर घंटेची वाट. पंतप्रधान मालेन्कॉव्हने बटण दाबलं आणि दार उघडलं. बेरियासमोरच्या कागदावर त्याने एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता, ‘धोका’. मोस्कालेन्कोने नंतर तसं सांगितलं. कैद्याने पळू नये म्हणून त्याच्या पाटलोणीची बटणं तोडली गेली. मग अंधार पडेपर्यंत सगळे खोळंबले, कारण बाहेर पहाऱ्यावर उभी माणसं अजूनही बेरियाचीच होती. वर्षानुवर्षं देशाला कापरं भरवणारा माणूस दोन्ही हातांनी पाटलोण सावरत बसून होता. ‘हात वर’ कोण म्हणालं? झुकॉव्हच्या आठवणींत झुकॉव्ह, मोस्कालेन्कोच्या आठवणींत मोस्कालेन्को.

फेब्रुवारी १९५५ मध्ये झुकॉव्ह संरक्षणमंत्री झाला. त्या उन्हाळ्यात जिनिव्हाला शिखर बैठक होती आणि समोर अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून जुना युद्धमित्र आयझेनहॉवर. तिकडे मॉस्कोत झुकॉव्हच्या मुलीचं लग्न, आणि बाप मित्राला भेटायला जिनिव्हात. हे कळल्यावर आयझेनहॉवरने नवरीसाठी भेटवस्तू पाठवली. याच झुकॉव्हने आदल्या वर्षी तोत्स्कोयेच्या लष्करी सरावात खऱ्या अणुस्फोटानंतर हजारो सैनिकांना त्या भागात उतरवलं होतं, हेही विसरता येत नाही. १९५७ च्या प्रजासत्ताक दिनाला तो दिल्लीत आपला प्रमुख पाहुणा होता. तेव्हा त्याचं मंत्रिपद जेमतेम नऊ महिने उरलं होतं.

जून १९५७. स्टालिनचे जुने सहकारी मोलोतोव्ह, मालेन्कॉव्ह आणि कागानोविच यांनी पक्षप्रमुख क्रुश्चेव्हला घेरलं. पक्षाच्या अध्यक्षमंडळात सात मतं विरोधात, चार बाजूने. खेळ जवळपास संपला होता. क्रुश्चेव्हने आपला निकाल मध्यवर्ती समितीने करावा असा हट्ट धरला, पण तिचे सदस्य अवाढव्य देशभर विखुरलेले. झुकॉव्हने वायुदलाची विमानं सोडली आणि कोपऱ्याकोपऱ्यातून माणसं मॉस्कोत आणून उतरवली. समितीपुढे तो नुसता बाजू घेऊन थांबला नाही. जुने कागद काढून त्याने वाचून दाखवलं, की १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी स्टालिन आणि मोलोतोव्ह यांनी ३,१६७ जणांच्या मृत्युदंडाला मंजुरी दिली होती. मोलोतोव्ह समोरच बसला होता. माझ्या मते झुकॉव्हच्या राजकीय आयुष्यातलं हे सर्वांत धाडसाचं भाषण. क्रुश्चेव्ह तरला, झुकॉव्ह अध्यक्षमंडळाचा पूर्ण सदस्य झाला, आणि त्याच क्षणी क्रुश्चेव्हच्या मनात पाल चुकचुकली असणार: जो विमानं पाठवून खुर्ची वाचवतो, तो उद्या रणगाडे पाठवून ती काढूनही घेईल.

गरज सरो, वैद्य मरो. ४ ऑक्टोबर १९५७ ला झुकॉव्ह सेवास्तोपोलहून ‘कुइबिशेव्ह’ युद्धनौकेवर युगोस्लाव्हियाला निघाला. त्याच रात्री स्पुटनिक आकाशात गेला आणि जगाचं लक्ष तिकडे लागलं. मंत्री बाहेर असताना छावण्याछावण्यांत पक्षाच्या सभा भरवल्या गेल्या. २६ तारखेला विमान मॉस्कोत उतरलं, त्याला तडक बैठकीत नेलं आणि त्याच दिवशी मंत्रिपद गेलं. आरोप असा की, सैन्यावरची पक्षाची पकड तो सैल करतो. दोन दिवसांनी समितीत जुने सहकारी मार्शल एकामागून एक त्याच्याविरुद्ध बोलले. विजयसंचलनात ज्याने त्याला मानवंदना दिली होती तो रोकोसोव्स्कीही बोलला. कोनेव्हने तर पुढच्याच आठवड्यात ‘प्रावदा’त लेख लिहिला. १९४६ साली तोफेच्या तोंडी उभा राहिलेला कोनेव्ह तो हाच. या वेळी मात्र तो टिकला नाही. वाचताना अजूनही वाईट वाटतं.

निवृत्तीत झुकॉव्हने आठवणी लिहिल्या. हस्तलिखित दोनेक वर्षं छापून होईना. मग वरून इशारा आला, की पुस्तकात आता सर्वोच्च नेता झालेल्या ब्रेझनेव्हचा उल्लेख हवा. युद्धात झुकॉव्ह मार्शल, ब्रेझनेव्ह एका सैन्याच्या राजकीय विभागातला कर्नल. गाठभेट अशी नव्हतीच. तेव्हा एक वाक्य बेतलं गेलं: आपल्याला कर्नल ब्रेझनेव्हचा सल्ला घ्यायचा होता, पण ते आघाडीवर गेलेले असल्याने भेट झाली नाही. झुकॉव्हने दात-ओठ खात ते घालू दिलं, आणि १९६९ मध्ये पुस्तक छापून आलं.