हंगामाच्या मध्यावर कबड्डीपटूंचा लेखाजोखा

दिवाळीनंतर सुरू झालेला कबड्डीचा हंगाम सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत निम्म्यावर येतो. पुढे चैत्रातल्या जत्रांच्या स्पर्धा असतात. या सुमारास गावोगावच्या मंडळांत बैठका बसतात. कोण चमकला, कोण घसरला, कोणाला राखीव बसवायचे याचा खल होतो. आमच्या होटगीतही हे चालते. एखाद्या खेळाडूबद्दल ‘अंगात आळस भरलाय’, ‘डोक्यात हवा गेलीय’ असे शेरे मारले जातात आणि विषय संपतो. त्यानंतर कधी तो खेळाडू माझ्या दवाखान्यात येतो, तेव्हा आळसाचे कारण वेगळेच निघते.

आपल्याकडचे खेळाडू हौशी आहेत. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी शेतात राबून संध्याकाळी मैदानात उतरतो. 2014 पासून दूरदर्शन संचावर दिसणाऱ्या व्यावसायिक कबड्डीतल्या खेळाडूंमागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मालीश करणारा अशी फौज असते. आपल्या पोरांमागे असते घरची भाकरी आणि कप्तानाची नजर. म्हणून ती नजर नेमकी हवी.

आधी वही नीट वाचा

बहुतेक मंडळे फक्त मिळालेले गुण मोजतात. त्यातून फारसे कळत नाही. चढाया किती केल्या, त्यातल्या यशस्वी किती, रिकाम्या किती, पकडीचे प्रयत्न किती आणि साधलेल्या पकडी किती, हे मांडावे. शिवाय पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे लिहावेत. पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 5 मिनिटांची विश्रांती असते, त्यामुळे ही विभागणी सोपी आहे.

समजा एका चढाईपटूने पहिल्या पाच सामन्यांत 70 चढाया केल्या आणि 28 यशस्वी झाल्या, म्हणजे 40 टक्के. पुढच्या पाच सामन्यांत 68 पैकी 17 यशस्वी, म्हणजे 25 टक्के. बैठकीत सगळे म्हणणार, ‘पोरगा संपला!’ पण याच 68 चढाया अर्ध्या-अर्ध्या करून पाहा. पूर्वार्धात 34 पैकी 13, उत्तरार्धात 34 पैकी फक्त 4. म्हणजे त्याचे कसब शाबूत आहे, दम संपतो आहे. आता दम का संपतो, हा प्रश्न डॉक्टरचा.

दम का संपतो?

असाच एक बाविशीतला खेळाडू माझ्याकडे आला होता. मंडळ त्याला वगळण्याच्या बेतात होते. पापणीची आतली बाजू फिकट, थोडे चालले तरी छातीत धडधड. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 9.4 ग्रॅम. पुरुषात ते 13 च्या आणि स्त्रीत 12 च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. खोदून विचारल्यावर कळले की कित्येक महिने मूळव्याधीतून रक्त जात होते आणि लाजेने त्याने घरीही सांगितले नव्हते. तरुण पुरुषात रक्तक्षय आढळला तर रक्त कुठून जाते हे शोधलेच पाहिजे. मूळव्याध, आतड्यातील जंत, जठरातील व्रण ही नेहमीची कारणे. मूळव्याधीवर उपचार, लोहाच्या गोळ्या आणि थोडी विश्रांती एवढ्यावर तो हळूहळू पूर्ववत झाला.

मुलींच्या संघात तर ही तपासणी आधी करावी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील 100 पैकी 57 स्त्रियांत आणि 25 पुरुषांत रक्तक्षय आढळला होता. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. रक्त भरून निघाल्यावरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. आहारात भाकरीबरोबर मोड आलेली मटकी, पालेभाज्या, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबू, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मटण असावे.

दुसरे कारण झोप. रात्रपाळी करून सकाळी दोन तास डोळा लागला आणि संध्याकाळी सामना, असे आठवडाभर चालले तर कोणाचेही पाय जड होतात. याची खूण नाडीत मिळते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी व रोज लिहावी. सराव झालेल्या तरुणाची नाडी बहुधा 50 ते 65 असते. तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती 8-10 ठोक्यांनी वाढून तीन-चार दिवस तशीच राहिली, तर शरीर थकले आहे किंवा ताप येऊ घातला आहे असे समजा आणि सराव कमी करा. यासाठी घड्याळाखेरीज काही लागत नाही.

लपवलेली दुखापत

संघातून नाव जाईल या भीतीने खेळाडू दुखणे लपवतात. जाणत्या कप्तानाने खेळातली खूण ओळखावी. पूर्वी दोन्ही कोपऱ्यांवर जाणारा चढाईपटू एकाच बाजूला झुकू लागला, वळताना पाऊल जपून टाकू लागला, की गुडघा किंवा घोटा तपासावा.

पकडीत गुडघा पिरगळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत तो फुगला, तर आतला अस्थिबंध तुटल्याची शक्यता मोठी. तीनेक आठवड्यांत सूज उतरते, चालता येते आणि खेळाडूला वाटते, बरे झाले. पण वळताना गुडघा दगा देतो आणि आतली कूर्चा फाटते. असा गुडघा अस्थिरोगतज्ज्ञालाच दाखवावा. ओढून ‘बसवणारे’ आणि चोळून देणारे यांच्याकडे जाऊ नये. ताज्या दुखापतीवर बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर घ्यावा. पहिले दोन-तीन दिवस शेक व मालीश नको.

तपासण्याची सोपी रीत अशी: एका पायावर उभे राहून त्याच पायावर लांब उडी मारायची आणि अंतर मोजायचे. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सामना नको. सूज असताना मात्र ही उडी मारू नये.

सामन्याआधी दुखणे मारायचे इंजेक्शन मागायला काही जण येतात. ते मी देत नाही. वेदना दबली तरी इजा तशीच राहते, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या औषधांनी मूत्रपिंडाला धोका होतो. वजनी गटाच्या स्पर्धेसाठी आदल्या दिवशी पाणी तोडणे तितकेच घातक. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झाले तर साधारण एक लिटर पाणी गेले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा जलसंजीवनीची पुडी, पुरे. मार्चनंतर आपल्याकडचे ऊन पाहता सामने संध्याकाळी ठेवणे शहाणपणाचे.

ताबडतोब बाहेर बसवा

पुढील चार प्रसंगी गुणफलक पाहू नये.

1. साखळी पकडीत डोक्याला गुडघा लागून शुद्ध हरपली, गोंधळ उडाला, उलटी झाली. त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. डोकेदुखी वाढली वा गुंगी आली तर थेट रुग्णालय.

2. खेळता खेळता चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे. हृदयाचा आलेख व सोनोग्राफी झाल्याशिवाय मैदान बंद.

3. उन्हात खेळताना अंग तापून बरळणे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात हलवा.

4. ताप. अंगात ताप असताना हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, म्हणून सराव नको.

12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. लगेच छाती दाबण्याचे उपचार व विजेचा झटका मिळाला म्हणून तो वाचला. आपल्या मैदानावर यंत्र नसेल, पण माणसे असतात. कोसळलेला श्वास घेत नसेल तर एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. हे प्रत्येक संघातील चौघांना तरी यावे.

बैठकीत काय करावे?

प्रत्येक खेळाडूची एक पानाची नोंद ठेवा: खेळाचे आकडे, सकाळची नाडी, वजन, झोपेचे तास, दुखणे. तुलना त्याची त्याच्याशीच करा. घसरण दिसली तर त्याला बाजूला घेऊन विचारा, चारचौघांत नको. विश्रांतीचे दोन आठवडे संपले की जागा परत मिळेल, असा शब्द द्या व तो पाळा. हा भरवसा असेल तरच खेळाडू दुखणे वेळेवर सांगतात. हे सगळे पाहूनही शरीर ठणठणीत निघाले, तर मग मात्र खुशाल कान धरा.

पुढच्या रविवारी बैठक असेल तर वहीबरोबर एक वजनकाटाही न्या.