देव बरें करूं !

परवा जोयडा येथे मोटारीच्या थांब्यावर घडलेला एक लहानसा प्रसंग वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. घाटावरून नव्याने आलेल्या एका तरुण शिक्षकाने एका वृद्धाचे ओझे गाडीत चढवून दिले. वृद्ध हात जोडून म्हणाला, “देव बरें करूं, पुता !” शिक्षक चपापून म्हणाले, “आजोबा, मी आजारी नाही हो !” आसपासची मंडळी हसली, आम्हीही हसलो.

मराठीत ‘बरे करणे’ म्हणजे रोग घालविणे. कोकणीत ‘बरें’ म्हणजे भले. कोकणी माणूस उपकाराची फेड स्वतः करीत नाही. ती देवावर सोपवितो. आमच्या तालुक्यात कुणबी आणि सिद्दी घरांतून कोकणी, रामनगरकडे मराठी, तर कचेरीत कन्नड चालते. त्यामुळे असे घोटाळे व्हायचेच. तरी मन एकच आहे. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. कन्नड गृहिणीही पाहुण्यास ‘होगि बन्नि’, म्हणजे ‘जाऊन या’, असेच सांगते.

दूरच्या स्पॅनिश भाषेतही हाच प्रकार दिसतो. तिच्यातील ‘आदिओस’ या निरोपाच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘देवाच्या हाती’. कोणी शिंकले की स्पेनमध्ये ‘हेसूस’, म्हणजे येशूचे नाव, उच्चारतात. अमेरिका खंडातील स्पॅनिश बोलणारे लोक बहुधा ‘सालूद’, म्हणजे ‘आरोग्य लाभो’, म्हणतात. मेक्सिकोत निरोप देताना ‘तुझे चांगले चालो’ अशा अर्थाचे शब्द ऐकू येतात. कोलंबिया व इक्वादोर या देशांत आभार मानताना ‘दिओस ले पागे’, ‘देव तुमची फेड करो’, असे म्हणतात. आमच्या त्या वृद्धाचेच हे बोल नव्हेत काय ?

व्हेनेझुएलातील चाल तर आपल्या घरचीच वाटते. तेथे मुले, मोठी झाली तरीही, आईबापांना भेटताच ‘बेंदिसिओन’ म्हणून आशीर्वाद मागतात आणि ‘देव तुला आशीर्वाद देवो’ असे उत्तर मिळते. आपल्याकडे सायंकाळी रोझरी संपली की मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ मागतात. हा शब्द पोर्तुगीज ‘बेन्सांव’वरून आला आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक माउली गेल्या पावसाळ्यात आम्हांस म्हणाली, “फादर, पोरगा भांडून गोव्याला गेला. पैसे पाठवितो, फोनही करतो. पण बेसांव मागत नाही.” आम्ही विचारले, “बाई, त्याने मागितल्यावाचून तुम्हांला देता येत नाही काय ?” ती काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात तिने फोन ठेवण्यापूर्वी एवढेच म्हटले, “देव बेसांव घालूं, पुता.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलाने विचारले, “छप्पर गळते का गे ?” दोन वर्षांत त्याने घराची चौकशी प्रथमच केली होती. बेसांव त्याने अद्याप मागितलेला नाही; पण छप्पर शाकारण्यास तो येऊन गेला, आणि जाताना ‘येतो’ म्हणाला.

वाचकहो, आपल्या घरातील असा एखादा शब्द ओठांवर अडला असेल, तर आज रात्रीच तो बोलून टाकावा. देव बरें करूं !