दहिवराची पहिली रात्र

1911 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या 11 तारखेस अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे दिवसा पारा 28 अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता, आणि त्याच तारखेची मध्यरात्र उलटण्यापूर्वी तो उणे 8 अंशांपर्यंत उतरला. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक असे दोन्ही विक्रम एकाच दिवसाच्या नावे हवामानखात्याच्या दप्तरी दाखल झाले, आणि शतक लोटले तरी ते कायम आहेत.

असा उत्पात त्या मुलखातच का संभवतो, ह्याचे उत्तर नकाशावर स्पष्ट दिसते. रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेली विस्तीर्ण मैदाने कॅनडाच्या उत्तर भागापासून मेक्सिकोच्या आखाताकडे जवळजवळ अखंड गेली आहेत, आणि त्या साऱ्या विस्तारात हवेला आडवा येणारा, पूर्व-पश्चिम पसरलेला असा एकही मोठा पर्वत नाही. रॉकीची रांग आहे ती दक्षिणोत्तर, म्हणजे ध्रुवीय हवेला अडविण्याऐवजी तिला दक्षिणेची वाट दाखविणारी. आपल्याकडे मध्य आशियाच्या थंडीपासून हिमालयाने सरहद्द राखली आहे, म्हणून दख्खनवर हिवाळा सावकाश उतरतो. कॅन्सास-नेब्रास्कात तो शरदातल्या एखाद्या दुपारी अवचित येऊन ठेपतो.

उत्तरेची थंड वायुराशी जड असल्यामुळे ती पुढच्या उबदार हवेच्या खाली शिरते आणि तिला वर उचलते. दोन वायुराशींमधली ही तिरकी सीमा म्हणजे शीत आघाडी. ही कल्पना नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे चिरंजीव याकोब आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मांडली, आणि तिचे नावही त्यांनी त्या युद्धाच्या परिभाषेतूनच घेतले. 1911 च्या वेधकर्त्यांना आपल्या डोक्यावरून काय गेले ते सांगणारी ही संकल्पना अद्याप उपलब्ध नव्हती. आघाडी ओलांडून जाताना दक्षिणेचा वारा वायव्येकडे किंवा उत्तरेकडे फिरतो, वायुभार चढू लागतो, आणि क्षितिजावर गडद निळसर ढगांचा पट्टा दिसतो, ज्यावरून टेक्सासातील लोक ह्या वाऱ्यास ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात.

परंतु हंगामातील पहिले दहिवर सहसा ह्या वाऱ्याच्या रात्री पडत नाही, आणि मला ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मनोहर गोष्ट हीच वाटते. वारा वाहत असतो तोवर तो वरची आणि खालची हवा एकत्र घुसळीत राहतो, त्यामुळे जमिनीलगत अतिशीत थर साचू शकत नाही. आघाडीमागून येणाऱ्या अधिक वायुभाराचे केंद्र डोक्यावर आले, वारा पडला आणि आकाश निरभ्र झाले, म्हणजे मग पुढल्या किंवा त्यापुढल्या रात्री खरे काम सुरू होते. त्या कामाचा कर्ता वारा नव्हे. कर्ता आहे ती स्वतः जमीन. प्रत्येक पदार्थ आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने अखंड बाहेर टाकीत असतो, आणि ढग व बाष्प त्यांपैकी बराच भाग परत पाठवितात. आघाडीने मागे ठेवलेली हवा कोरडी असल्यामुळे ही परतफेड घटते, खर्च मात्र पूर्ववत चालू राहतो, आणि उष्णतेच्या ह्या जमाखर्चात पहाटेपर्यंत गवताची पाती भोवतालच्या हवेहूनही कित्येक अंशांनी थंड होतात.

ही गोष्ट प्रथम निःसंदिग्धपणे सिद्ध केली ती विल्यम चार्ल्स वेल्स ह्या लंडनच्या वैद्याने. अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे जन्मलेल्या ह्या गृहस्थाने रात्री जागून, लोकरीचे सारख्या वजनाचे झुबके फळीच्या वर आणि खाली ठेवून, उघड्या आकाशाखालच्या लोकरीवर दव अधिक धरते हे तराजूने दाखविले, आणि 1814 मध्ये दवावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच निबंधात त्याने भारतातील एका प्रथेचाही विचार केला आहे: सर रॉबर्ट बार्कर ह्यांनी 1775 मध्ये वर्णिल्याप्रमाणे अलाहाबादेकडे उथळ मातीच्या पसरट भांड्यांत पाणी घालून ती रात्री गवत-कडब्याच्या थरावर मांडीत, आणि हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटे त्यांत बर्फ मिळे. इतरांनी त्याचे श्रेय बाष्पीभवनास दिले होते. वेल्सने ते निरभ्र आकाशाकडे जाणाऱ्या उष्णतेस दिले. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यातील एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात, तेही ह्याच कारणाने. तेथवर कोणतीही ध्रुवीय वायुराशी आलेली नसते.

म्हणून जाणता वेधकर्ता संध्याकाळी तापमानापेक्षा दवबिंदू विचारतो. हवा दवबिंदूपर्यंत निवली की बाष्पाचे पाणी होऊ लागते, आणि दर ग्रॅममागे सुमारे 600 कॅलरी सुप्त उष्णता मोकळी होऊन पुढची घसरण मंदावते. दवबिंदू शून्याच्या बराच खाली असेल तर हा आधार फार उशिरा मिळतो. शिवाय तापमापक ठेवलेला असतो माणसाच्या छातीच्या उंचीवर, तेव्हा तो 2 अंश दाखवीत असताना खाली गवत पांढरे झालेले असू शकते, आणि निवलेली जड हवा ओघळून सखल जागी साचत असल्याने ओढ्याकाठचे शेत जळते आणि उंचवट्यावरचे वाचते.

उत्तर डाकोटात हे पहिले दहिवर सप्टेंबरात पडते, कॅन्सासात बहुधा ऑक्टोबरात, ओक्लाहोमात त्या महिन्याच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात. कॅन्सास हा अमेरिकेतील ज्वारीचा प्रमुख प्रांत आहे, आणि आपल्या सोलापूरच्या शेतकऱ्याला ऐकून आश्चर्य वाटेल की तेथे दाणा पक्व झाल्यावर आलेली कडक थंडी इष्टच मानली जाते, कारण तिने हिरवे ताट मरून पीक लवकर वाळते. तीच थंडी दाणा भरण्यापूर्वी आली तर मात्र तो चिमतो. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ धरून तो पेशींतले पाणी ओढून घेतो, आणि पाने शुष्कतेने मरतात.

शेजारच्या वावरात त्याच सुमारास हिवाळी गहू नुकताच उगवलेला असतो. 1874 मध्ये रशियन साम्राज्यातून आलेल्या मेनोनाइट पंथीयांनी कॅन्सासात आणलेला ‘टर्की रेड’ हा त्याचा प्रसिद्ध पूर्वज. ह्या गव्हाला थंडी सोसल्यावाचून ओंबी येत नाही, आणि ती टप्प्याटप्प्याने आली तर त्याच्या पेशींत शर्करा वाढून कडाक्याचा हिवाळा सोसण्याची ताकद त्यास येते. झाडांनाही ह्या तयारीस मुदत लागते. 1940 च्या नोव्हेंबरात, उबदार शरदानंतर, मैदानांच्या पूर्व कडेच्या आयोवा राज्यात ध्रुवीय हवा एका दिवसात घुसली, तेव्हा तेथील सफरचंदाच्या बागांना ती मुदत मिळालेली नव्हती. असंख्य झाडे मेली, आणि पुष्कळ मालकांनी त्या जमिनीवर पुन्हा सफरचंद न लावता मका आणि सोयाबीन घेतले.